अंशतः पडझड

पंचनामा हा मराठीतला माझ्या अतिशय आवडीचा गद्यप्रकार आहे. हे मी मनापासून म्हणतो. चांगल्या तलाठ्यानं जागेवर उभं राहून लिहिलेला पडक्या घराचा पंचनामा आणि एखाद्या नावाजलेल्या लेखकानं केलेलं घराचं वर्णन शेजारी शेजारी ठेवलं, तर पुष्कळदा माझा हात पंचनाम्याकडे जातो. त्यात विशेषणं नसतात. भीषण, विदारक, होत्याचं नव्हतं हे सगळं वर्तमानपत्राकडे गेलेलं असतं. पंचनाम्यात उरतं ते एवढंच: पत्रे किती, कुठल्या पाखीचे, भिंत कुठून कुठवर. ते नीट लिहिलेलं असलं तर वाचणाऱ्याला वारा दिसतो, आणि वाऱ्याच्या वाटेत उभं असलेलं घरही.

ज्या कागदांचा विचार करत हे लिहितो आहे ते सह्याद्रीच्या ऐन धारेवरचे आहेत. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे आहे. घोडेगावहून निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर चढतो आणि आहुप्याला पोचल्यावर पुढे जमीनच संपते. खाली मुरबाडचा पट्टा, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, आणि खोपिवलीकडे उतरणारी जुनी घाटवाट. घोड नदी याच डोंगरात उगम पावते. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, गुरं, हिरडा. गावाला भैरवनाथाची दाट देवराई. समुद्रावरून निघालेल्या वाऱ्याला कोकण ओलांडल्यावर पहिली खरी अडवणूक होते ती या कड्याची. अडलेला वारा कड्याला भिडून वर चढतो, माथ्याशी दाटतो आणि त्याचा वेग तिथे वाढतो. माथ्यापासून थोडं आत, उताराच्या आडोशाला असलेल्या घराला तोच वारा निम्म्या जोरानं लागू शकतो. जुनी घरं कुठे बांधली आहेत ते बघितलं की हे गावाला किती आधीपासून ठाऊक होतं ते कळतं.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हवामान खात्यानं नोंदवलेला वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३०पर्यंत. तिथून ते ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातून गेलं, आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे, शाळांची छपरं, विजेचे खांब, झाडं असा पसारा मागे राहिला. टाळेबंदीचे दिवस. शहरात कामाला गेलेली पोरं गावी परतलेली. पाऊस तोंडावर.

टोर्नेडो मोजायची जी पट्टी अमेरिकेत वापरतात, तिची सगळ्यांत खालची पायरी ताशी १०५ ते १३७ किलोमीटरच्या झोताची आहे. म्हणजे कमकुवत टोर्नेडोच्या पोटात जो वारा असतो, साधारण त्याच ताकदीचा वारा त्या दुपारी किनाऱ्यावर लागला. दोन्ही वादळं जातीनं वेगळी. टोर्नेडोचा पट्टा दहा-वीस मीटर रुंद असू शकतो आणि काही मिनिटांत निवतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि तासन्‌तास झोडपतं. पण एका घराच्या छपरावर दोघांचे हात सारखेच पडतात, आणि ते हात ओळखायची विद्याही एकच आहे. ही विद्या कमकुवत वाऱ्यापुढे सगळ्यांत जास्त कसाला लागते असं माझं मत आहे. आंबेगाव तालुक्यातलंच माळीण ३० जुलै २०१४ला दरड कोसळून डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे घराचं वाचन करायला घरच उरलं नव्हतं. कमकुवत वारा निम्मं ठेवतो, निम्मं नेतो. काय नेलं हे सांगताना काय ठेवलं तेही सांगावं लागतं. पंचनाम्याची खरी परीक्षा 'अंशतः पडझड' या दोन शब्दांखाली होते.

पंचनाम्याची सुरुवात माणसांनी होते ही मला त्याची पहिली मोठी गोष्ट वाटते. नुकसानीचा शब्दही यायच्या आधी पंचांची नावं येतात, त्यांची वयं, धंदा, राहण्याचं ठिकाण. आम्ही आज रोजी समक्ष हजर राहून पाहिलं, असं ते म्हणतात. बघणारे कोण आणि कुठे उभे राहून बघितलं, हे ठरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मग जागेची ओळख: गट नंबर, घर नंबर, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. चतुःसीमा लिहिताना लिहिणाऱ्याला दिशा घ्याव्याच लागतात, आणि एकदा दिशा घेतली की तो नकळत वाऱ्याच्या गोष्टीत शिरतो. आंबेगावचं तहसील घोडेगावात. तिथून धारेवरच्या वाड्यांपर्यंत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना मिळून यायचं असतं. झाडं आडवी पडलेल्या रस्त्यानं ती मंडळी आली की पहिली गाठ पडते पोलीस पाटलाशी, मग घरधन्याशी, आणि मग छपराशी.

छपरावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण वाऱ्यानं केलेलं नुकसान सगळ्यांत स्पष्ट तिथे उमटतं.

घाटमाथ्यावरचं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती, मधे मेढी, वर आढं, आढ्यावरून दोन्हीकडे उतरलेले वासे, त्यावर रिपा आणि कौलं. आत कारवीचे कूड, शेणामातीनं लिंपलेले. पुढे पडवी, बाजूला गोठा. हे छप्पर भिंतीवर मुख्यतः स्वतःच्या वजनानं बसलेलं असतं. जोराचा वारा आला की कौलं सुटी सुटी निघतात, आधी वळचणीची, मग आढ्याजवळची. वारा छपरावरून घसरताना कडांपाशी आणि आढ्यापाशी वरच्या बाजूला ओढ सगळ्यांत जास्त लागते, म्हणून हा क्रम. शंभर कौलं गेली तरी सांगाडा जागेवर राहतो, आणि कौलांच्या फटींतून आतला दाबही बाहेर पडतो. कौलारू घराच्या पंचनाम्यात म्हणून 'कौले फुटली' हे पुरेसं नाही. कुठली फुटली हे लिहिलं असलं की वाऱ्याची बाजू कळते.

गेल्या काही दशकांत त्याच वाशांवर पत्रे आले. पत्रा हलका, स्वस्त, माकडांनी न फुटणारा. माझा त्याला विरोध नाही; दरवर्षी कौलं चाळायचे कष्ट ज्यांनी केले आहेत त्यांना पत्रा का हवासा वाटला हे समजतं. पण छपराचं वजन गेलं आणि धरून ठेवायची सगळी जबाबदारी खिळ्यांवर आली. पत्र्याला फटी नाहीत, त्यामुळे पुढचं दार उघडं राहिलं आणि वारा आत शिरला की तो आतून पत्र्याला वर ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. दोन्ही जोर एकाच दिशेचे. पत्र्यांच्या छपराला एकेक करून सोडायची सवय नसते. कडेचा एक पत्रा उचलला गेला की पुढचे लागोपाठ जातात.

आता पंचनामा लिहिणाऱ्यानं खाली पडलेला पत्रा हातात घेऊन त्याचं भोक पाहिलं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी सापडतात. खिळा वाशात तसाच उभा आहे आणि पत्रा त्याच्याभोवती फाटून गेला आहे: पत्रा पातळ होता किंवा खिळ्याच्या डोक्याखाली वायसर नव्हता. खिळा पत्र्यात अडकलेला आहे आणि पत्र्यासकट वर आला: लाकूड कुजलेलं किंवा खिळा आखूड. पत्रा वाशालाच घट्ट आहे आणि वाशासकट भिंतीवरून उठून शेजारच्या खाचरात गेला: खिळा, पत्रा, वासा सगळं चोख, पण वासा भिंतीला कुणी बांधलाच नव्हता, कारण कौलांच्या काळात तो बांधायची गरजच नव्हती. तिन्ही घरांच्या कागदावर 'छपराचे पत्रे उडाले' असंच येईल. तीन वेगळ्या घरांचे तीन वेगळे कच्चे दुवे एका ओळीत बुजतील. मला त्या ओळीत एक अर्धं वाक्य जास्त हवं असतं. समजा असं: 'पश्चिम पाखीचे सात पत्रे वाशासह उडाले, खिळे शाबूत.' एवढ्यात सगळं आलं. पुढच्या वेळी काय करायचं, तेही आलं.

असंच वाचन ज्यानं आयुष्यभर केलं त्या तेत्सुया फुजिता यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९२० साली जपानमधल्या कोकुरा परिसरात जन्मलेला हा माणूस. ९ ऑगस्ट १९४५ला जो अणुबॉम्ब नागासाकीवर पडला त्याचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. शहर झाकोळलेलं होतं म्हणून विमान पुढे गेलं. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाला गेले आणि पडझड वाचू लागले. स्मशानातल्या थडग्यांपाशी फुलं ठेवायच्या बांबूच्या नळ्या होत्या. त्यांच्या कुठल्या अंगाला भाजल्याची खूण आहे, हे बघून त्यांनी स्फोट हवेत कुठे आणि किती उंचीवर झाला असेल याचा हिशेब मांडला. ज्या जागी दुःखानं डोळे मिटावेत तिथे डोळे उघडे ठेवून एकेक नळी बघत जाणं, यात मला निष्ठुरपणा दिसत नाही. घडलेल्या गोष्टीबद्दलचा आदर दिसतो. जे झालं ते नेमकं कसं झालं हे कळून घेण्याची ती आच आहे.

पुढे ते शिकागोला गेले. १९७१मध्ये त्यांनी टोर्नेडोची मोजपट्टी मांडली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती १ फेब्रुवारी २००७पासून अमेरिकेत वापरात आली. या पट्टीतली मूळ कल्पना पंचनाम्याच्या अगदी जवळची आहे. टोर्नेडोच्या पोटात वेगमापक क्वचितच सापडतो, म्हणून आधी पडझड बघायची आणि तिच्यावरून वारा काढायचा. सुधारित पट्टीत २८ प्रकारच्या वस्तू आहेत: घर, गोठा, शाळा, दुकान, मनोरा, झाड. प्रत्येकीला नुकसानीच्या पायऱ्या. राहत्या घराला दहा. पहिली पायरी म्हणजे नुकसान दिसू लागणं. दुसरी, छपरावरचं आच्छादन वीस टक्क्यांपेक्षा कमी गेलं. चौथ्या पायरीला वीस टक्क्यांपेक्षा जास्त. मग छपराचा मोठा भाग, मग भिंती. दहावीला नुसता चौथरा.

या पट्टीवर माझं मन जडलं ते एका गोष्टीमुळे. प्रत्येक पायरीसमोर वाऱ्याचा एक आकडा नाही, तीन आहेत. अपेक्षित, किमान आणि कमाल. घराच्या पहिल्या पायरीला अपेक्षित वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर. पण बांधकाम हलक्या हातचं असेल तर तेवढंच नुकसान ८५लाही होतं आणि पक्कं असेल तर १२९पर्यंत होत नाही. म्हणजे पडझड बघणाऱ्याला आधी घर कसं होतं हे विचारणं भागच आहे. पडलेल्या घरातून उभं घर पुन्हा मनात बांधल्याशिवाय वाऱ्याचा अंदाज करता येत नाही. आणि हा प्रश्न विचारला गेला की गरिबाचं घर जास्त का पडलं याचा अर्धा जबाब वाऱ्याकडे जातो, अर्धा घराकडे. पट्टी अमेरिकेतल्या लाकडी घरांवर बेतलेली आहे. दगडमातीची भिंत, कारवीचा कूड आणि मंगलोरी कौल तिच्यात नाहीत. घाटमाथ्याला आपली पट्टी अजून कुणी करून दिलेली नाही. ती करायला लागणारी निरीक्षणं मात्र दर वादळानंतर घोडेगावच्या दप्तरात जमा होत असतात, अर्ध्या वाक्यांनी अपुरी.

२८ वस्तूंमधल्या शेवटच्या दोन झाडं आहेत, आणि आहुप्यासारख्या गावी मी सुरुवातच तिथून करीन. कठीण लाकडाच्या झाडाला पाच पायऱ्या. बारीक फांद्या मोडल्या, अपेक्षित वेग ताशी सुमारे ९७. मोठ्या फांद्या मोडल्या, ११९. झाड मुळासकट उपटलं, १४६. खोडच तुटलं, १७७. नुसत्या फांद्यांचे बुंधे राहून साल सोलली गेली, २३०. उपटणं आणि तुटणं यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतो, पण दोन्हीला आपण 'झाड पडलं' म्हणतो. पातळ मातीत, खाली कातळ असलेल्या उतारावर झाड लवकर उपटतं. पोखरलेलं खोड त्याआधीच तुटतं. मुळाशी बघितलं, तुटल्या जागी लाकडाचा रंग बघितला, तर हे ताडता येतं.

आणि दिशा. फुजितांना नागासाकीत दिसलं होतं की एका केंद्राभोवतीची झाडं चांदणीच्या किरणांसारखी बाहेरच्या बाजूला आडवी झाली आहेत. जवळजवळ तीस वर्षांनी विमानातून अमेरिकेतली वादळानंतरची रानं बघताना त्यांना तोच आकार पुन्हा दिसला. गरगर फिरणाऱ्या टोर्नेडोनं झाडं आत ओढल्यासारखी, एकमेकांत अडकलेली पडायला हवी होती. इथे ती बाहेर फेकलेली होती. त्यावरून त्यांनी ओळखलं की ढगातून हवेचा लोट सरळ खाली आदळून जमिनीवर चहूकडे पसरतो. १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना पडलेल्या एका विमानाचा उलगडा त्यांनी याच कल्पनेनं केला. सुरुवातीला पुष्कळ तज्ज्ञांनी ते मानलं नाही, आणि पुढे विमानतळांवर असे लोट ओळखायची यंत्रं बसली. पडलेल्या झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे एवढ्या एका नोंदीतून हे सगळं निघालं.

चक्रीवादळात चित्र तिसरंच. वारा मोठ्या भागावर जवळपास समांतर वाहतो, पण केंद्र पुढे सरकतं तशी त्याची दिशा वळत जाते. म्हणून आडव्या झाडांत दोन कुळं सापडू शकतात: आधीच्या वाऱ्यानं पाडलेली आणि नंतरच्या वाऱ्यानं पाडलेली. एकावर एक पडलेली असली तर खालचं आधीचं, वरचं नंतरचं. कड्याच्या काठावर, घळीच्या तोंडाशी हा नियम वाकतो, कारण घळ वाऱ्याला आपल्या वाटेनं नेते. देवराईत बघण्यासारखा असतो तो काठ आणि पोट यांतला फरक. दाट रानाच्या काठची झाडं वारा झेलतात, आत जाईपर्यंत त्याचा जोर मोडतो. काठावरचं एखादं मोठं झाड कोसळलं की मागचं रान एकदम उघडं पडतं, आणि पुढच्या वादळात नुकसान तिथून आत सरकतं. देवराईतलं पडलेलं झाडही जागेवरच राहू द्यायचं ही पुष्कळ गावांची रीत. ती जिथे पाळली जाते तिथे वाऱ्याची नोंद वर्षानुवर्षं जमिनीवर पडून असते, वाचणाऱ्याची वाट बघत. असं असूनही आपल्या पंचनाम्यात झाडाच्या पडण्याची दिशा कुणी विचारत नाही. होकायंत्रही लागत नाही, सूर्य कुठे मावळतो हे गावातल्या कुणालाही विचारता येतं. मला हा दोष मोठा वाटतो.

आता टक्के. मदतीच्या नियमांत अंशतः पडझडीला किमान पंधरा टक्के नुकसान लागतं, पिकाला तेहतीस. हे आकडे कुठेतरी ठरवावेच लागतात हे मला मान्य आहे. पण घराचे पंधरा टक्के म्हणजे काय, हे जागेवर उभ्या असलेल्या माणसाला ठरवायचं असतं, आणि इथे चांगला आणि बरा पंचनामा यांतला फरक उघड होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात धारेवरचं घर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी भरलेलं असतं. माळ्यावर सरपण, गोवऱ्या, गोठ्याच्या वर गुरांचा पेंढा, कणगीत वर्षाचं धान्य, आणि वेगळं बांधून ठेवलेलं भाताचं बियाणं. छपराचा चौथाच हिस्सा गेला, पण तो बियाण्याच्या वरचा असला तर त्या घराचा हंगाम धोक्यात आला. नेमक्या त्याच हिश्शाखाली रिकामी पडवी असली तर चार दिवसांची गैरसोय. छपराचा टक्का दोन्हीकडे सारखा. 'भिजलेले धान्य', 'भिजलेले सरपण' अशा नोंदी मला 'इतर' या रकान्यात सापडतात तेव्हा लिहिणाऱ्याबद्दल प्रेम वाटतं. तो आत गेला होता. उंबऱ्याबाहेरून छप्पर मोजून परतला नाही.

हल्ली मोबाईलवर जागेच्या खुणेसकट फोटो घेतात. चांगलंच आहे, वाद कमी होतात. फोटो पंच मात्र होऊ शकत नाही, कारण त्याला विचारता येत नाही.

विचारलं जातं ते शेवटी. कागद पुरा झाल्यावर तो मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, बरोबर असल्याची कबुली घ्यायची असते, मगच सह्या आणि अंगठे. गद्याच्या दुसऱ्या कुठल्या प्रकारात लेखकानं ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाच ते वाचून दाखवून मंजुरी घ्यायची सक्ती आहे? हा क्षण घाईत उरकला जातो हे मला माहीत आहे. एका दिवसात अनेक वाड्या उरकायच्या असतात. पण तो नीट झाला की कागद बदलतो. "भाऊसाहेब, गोठ्याचं ऱ्हायलं बघा," असं दाराशी टेकलेली म्हातारी म्हणते. "लिहितो की आजी, सांगा, किती पत्रे?" आणि एक ओळ वाढते. ती ओळ पंचनाम्यातली सगळ्यांत खरी ओळ असते, कारण ती घरानं स्वतः सांगितलेली असते.

घरांपुरता हा कागद, अपुरा असला तरी, आपलं काम करतो. झाडांपाशी आला की अडखळतो. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा हे रोख पैशाचं मोठं साधन. हिरड्याची कोवळी फळं पावसाआधी उतरवायची, उन्हात वाळवायची. वाळून ती काळी होतात आणि औषधांसाठी विकली जातात. त्या पैशात पावसाळ्याचा किराणा, खत, पोरांच्या वह्या. ३ जून हा या हंगामाच्या शेवटाचा दिवस. काही फळं अजून झाडावर, काही अंगणात वाळत घातलेली. वाऱ्यानं झाडावरची पाडली, पावसानं अंगणातली भिजवली, आणि कित्येक ठिकाणी फांद्या आणि झाडंच गेली. वर्षाची मिळकत आणि पुढच्या वर्षांची मिळकत, दोन्ही एका दुपारी.

पंचनामे झाले. मग प्रश्न उभा राहिला की हिरडा बसवायचा कुठे. तो पेरलेलं पीक नाही, लावलेली फळबाग नाही. कुणाच्या मालकीच्या बांधावर आजोबांच्या आधीपासून उभं असलेलं ते झाड आहे. नियमांच्या भाषेत पीक म्हणजे कुणीतरी लावलेलं, दर हेक्टरी मोजता येणारं. बांधावर, उतारावर, खडकाच्या सांदीत एकेकटं उभं असलेलं झाड हेक्टरात मोजता येत नाही. किसान सभेनं आणि गावांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, मोर्चे काढले, उपोषणं केली. चार वर्षांनी, २०२४मध्ये, राज्य मंत्रिमंडळानं विशेष बाब म्हणून या हिरड्याच्या नुकसानीला मदत द्यायचं ठरवलं.

त्या निर्णयाच्या वेळी जागेवर दाखवायला काय उरलं होतं? पडलेली फळं पहिल्याच पावसात कुजून गेली. मोडक्या फांद्या सरपणात गेल्या. उरला होता तो २०२०चा कागद, कुणाच्या गटात किती झाडं आणि काय झालं हे सांगणारा. तो लिहिताना हिरड्याला रकाना आहे की नाही याची वाट न बघता ज्यांनी झाडं मोजून नोंदवली, त्यांचं गद्य चार वर्षांनी उभं राहिलं. मला त्या लिहिणाऱ्यांची नावं ठाऊक नाहीत. त्यांनी चांगलं काम केलं.

पण झाडाच्या पंचनाम्यात अजून एक उणीव आहे आणि ती भरून काढता येण्यासारखी आहे. घर पडलं त्या दिवशी पडलं. झाडाचं तसं नसतं. हिरड्याला तुटल्या खोडापासून फुटवा येतो. पण फुटव्याला फळ धरायला वर्षं लागतात, आणि काही खोडं दोन-तीन पावसाळे हिरवी राहून मग वाळतात. मोठी फांदी गेलेलं झाड उभं दिसतं, म्हणून कागदावर ते वाचलेलं असतं. प्रत्यक्षात जखमेतून पाणी शिरून ते आतून कुजत असतं. वादळाच्या आठवड्यात केलेल्या एका नोंदीत यातलं काहीच येऊ शकत नाही. २०२०च्या त्या याद्या घेऊन आहुपे, पिंपरगणे, तिरपाड, डोण अशा गावांच्या बांधांवर कुणीतरी पुन्हा फिरायला हवं. त्याच गटात, त्याच झाडांपाशी, शक्य असतील तर तेच पंच घेऊन. कुठलं फुटलं, कुठलं वाळलं, कुठल्याला यंदा हिरडा धरला, आणि आडवं पडलेलं खोड अजून जागेवर असेल तर त्याचा शेंडा कुठल्या दिशेला आहे. हे काम मे महिन्यात करावं, हिरडा उतरवायला माणसं झाडांवरच असतात तेव्हा. प्रत्येक झाडाचं गेल्या काही वर्षांचं उत्पन्न वरून सांगणारा माणूस त्या दिवसांत तिथे हजर सापडतो.